दोषाचे शमन

हस्तलिखित पोथीची नक्कल करताना लेखकाच्या हातून ओवीच्या मधोमध एक दंड चुकून पडला, आणि पुढे ती पोथी हाती घेणारा प्रत्येक जण त्या दंडापाशी थांबून, ओवी येथेच संपली असे समजून, उरलेला मजकूर न वाचताच पोथी मिटू लागला, अशी कल्पना वाचकांनी क्षणभर करावी. दोष निवारण्याचा सरळ मार्ग उघड आहे: जुने लेखक करीत त्याप्रमाणे त्या दंडावर हरताळ लावावा आणि मूळचे अक्षर पुन्हा लिहावे. परंतु दुसराही एक मार्ग संभवतो, आणि तो प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या अक्षरओळखीतच असा बिघाड झालेला असावा, की दंड दिसला असता न थांबता तो त्याचा एक अक्षर म्हणून उच्चार करतो आणि पुढे चालू लागतो. पोथीतील चूक जागच्या जागी राहते, वाचकाची चूक वाचकापाशी राहते, आणि या दोन चुका एकत्र आल्या असता ओवी शेवटपर्यंत वाचली जाते. जिवाणूंच्या आणि त्या जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या आनुवंशिक द्रव्यात असाच प्रकार घडतो हे 1960 च्या पुढेमागे ध्यानात आले, आणि त्या एका निरीक्षणाचा धागा धरून सजीवांच्या लिपीतील विरामचिन्हे पाचसात वर्षांत उलगडली गेली. त्या शोधाची हकीकत मराठी वाचकापुढे सविस्तर ठेवावी एवढ्यासाठी हे पुस्तक आहे, आणि त्या हकीकतीत शिरण्यापूर्वी जी पूर्वपीठिका हाताशी असावी ती देणे हे या प्रस्तावनेचे काम आहे.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत या घटनेला ‘सप्रेशन’ म्हणतात, आणि त्यासाठी दमन, निरोध, अवरोध असे पर्याय सुचण्याजोगे आहेत. परंतु दडपणारा बलवान आणि दडपला गेलेला दुर्बल अशी जी छटा या शब्दांना चिकटलेली आहे ती येथे लागू पडत नाही. आयुर्वेदाने दोषांच्या उपचाराचे शोधन आणि शमन असे दोन भेद केलेले आहेत. शोधनात दोष शरीराबाहेर काढला जातो. शमनात तो बाहेर न काढता त्याचा क्षोभ निवविला जातो. हा भेद इतका नेमका आहे की मी तो कृतज्ञतेने उचलला. उत्परिवर्तन उलटून जनुक पूर्ववत झाले तर ते शोधन. उत्परिवर्तन तसेच राहून दुसऱ्या ठिकाणच्या दुसऱ्या उत्परिवर्तनाने त्याचा परिणाम निवला तर ते शमन, आणि निवविणारे जनुक ते शमक. दोहोंची परीक्षाही सोपी आहे. बऱ्या झालेल्या वाणाचा मूळच्या निर्दोष वाणाशी संकर करावा: शोधन झालेले असेल तर संततीत जुना दोष कधीच दिसणार नाही, कारण तो उरलेलाच नाही; शमन झालेले असेल तर काही संततीच्या वाट्याला दोष येईल पण शमक येणार नाही, आणि गेला असे वाटलेला दोष पुन्हा डोके वर काढील.

‘वाण’ हा शब्दही मी जाणून वापरला आहे. ज्या गावात बसून मी हे लिहीत आहे त्या खामगावात वाण म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. जलंबपासून खामगावापर्यंतचा आगगाडीचा फाटा 1870 साली टाकला गेला तो येथल्या कापसासाठी. येथल्या बाजारात उभ्या राहिलेल्या बैलगाड्यांतला कापूस सरकी वेगळी होऊन, गाठी बांधून, मुंबई बंदरातून विलायतेस जात असे, आणि कोणत्या वाणाचा धागा किती लांब यावर वऱ्हाडातील असंख्य कुटुंबांचे वर्ष सुखाचे की कर्जाचे हे ठरत असे. त्याच काळ्या मातीत 2002 नंतर जो कापूस पसरला त्याच्या पेशींत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या एका जिवाणूपासून घेतलेले जनुक आहे. त्या बियाण्याच्या गुणदोषांचा वाद येथे मी उपस्थित करीत नाही. परंतु त्यामागील एक गोष्ट विलक्षण आहे आणि तिच्याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूच्या जनुकातील मजकूर कापसाच्या झाडाला वाचता आला, कारण दोघांची लिपी एकच आहे. थोडे अपवाद वगळले तर जिवाणू, कापूस, बैल आणि त्या बैलाचा धनी यांची आनुवंशिक लिपी एकच आहे, आणि तिच्यातील विराम कोठे व कोणते हे आपणांस कळले ते मुख्यतः शमनाच्या अभ्यासामुळे. म्हणून हा विषय खामगावच्या वाचकाला दूरचा नाही.

ती लिपी कशी आहे? डीएनएचा दीर्घ तंतू हे मूळ दफ्तर समजावे. दफ्तर जागचे हलत नाही. हव्या त्या कलमाची नक्कल आरएनएच्या रूपाने काढली जाते आणि ती नक्कल रायबोसोम नावाच्या कचेरीत रुजू होते, जेथे तिचा तर्जुमा प्रथिनाच्या भाषेत होतो. नकलेत अक्षरे चारच: यू, सी, ए आणि जी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणून शब्द एकंदर 64. प्रथिनाच्या भाषेत अॅमिनो आम्ले वीस. चौसष्टांपैकी 61 शब्दांना कोणते ना कोणते अॅमिनो आम्ल नेमून दिलेले आहे. उरलेले तीन, यूएजी, यूएए आणि यूजीए, हे दंड आहेत. शब्दाशब्दांत अंतर नाही. मोडीचे जुने दस्तऐवज ज्यांनी वाचले आहेत त्यांना अशा सलग लेखनाची अडचण सांगावयास नको: ओळ शिरोरेषेखाली अखंड धावते, आणि कोठे तोडावयाचे हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे.

परंतु मोडीपेक्षाही जवळचे उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. तीत एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर योजलेले असे, आणि ज्याच्यापाशी किल्ली त्यालाच पोथी उलगडे. सजीव पेशीत ही किल्ली एका हाती नाही, ती अनेकांत वाटून दिलेली आहे. वाहक आरएनए नावाचे लहानसे रेणू असतात. प्रत्येकाच्या एका टोकाला एक विशिष्ट अॅमिनो आम्ल जोडलेले असते आणि दुसरीकडे तीन अक्षरांचा प्रतिसंकेत असतो, जो नकलेतील आपल्या जोडीचा शब्द तेवढा ओळखतो. शब्द ओळखला की आम्ल हवाली करावयाचे आणि बाजूला व्हावयाचे, एवढाच त्याचा अधिकार. तीन दंडांसाठी असा वाहक नाही. तेथे निराळी प्रथिने येऊन काम थांबवितात आणि तयार झालेली साखळी मोकळी करतात. पोथीच्या दृष्टांतातला जो वाचक दंडाला अक्षर समजतो, तो म्हणजे ज्याचा प्रतिसंकेत बिघडला आहे असा एक वाहक आरएनए होय. हे आज दोन वाक्यांत सांगता येते. ते सिद्ध होईपर्यंत किती बुद्धिमान माणसांनी किती रात्री जागविल्या हे पुढील प्रकरणांत दिसेल.

या सर्व अभ्यासाचे क्षेत्र म्हणजे आपल्या आतड्यांत राहणारा एशेरिकिया कोलाय हा जिवाणू आणि त्याचे भक्षण करणारे विषाणू, ज्यांना मराठीत जिवाणुभक्षी म्हणतात. या भक्षींशी आपल्या देशाचा संबंध जुना आहे: अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मारणारे काही द्रव्य असल्याचे नमूद केले होते, पुढे 1915 मध्ये ट्वॉर्ट आणि 1917 मध्ये द’हेरेल यांनी अशा भक्षींचे स्वतंत्र वर्णन केले. पेट्रीच्या बशीत आगरावर जिवाणू पसरले की दुसऱ्या दिवशी दुधाळ थर येतो. त्यात एखादा भक्षी पडलेला असेल तर त्या जागी स्वच्छ, पारदर्शक ठिपका उमटतो. टी-4 नावाचा भक्षी सदतीस अंश उष्णतेत जिवाणूच्या आत शिरून अर्ध्या तासाच्या आत शंभरावर वारसांसह बाहेर पडतो. कोट्यवधी भक्षी एका बशीत, आणि त्यांतला एखादा वेगळा वागला तरी त्याचा ठिपका डोळ्यांना दिसतो. कापसाचा पैदासकार जेवढी झाडे आयुष्यभरात पाहील त्याहून अधिक व्यक्ती येथे एका रात्रीत तपासून होतात. आनुवंशिकीचे कठीणातले कठीण प्रश्न या क्षुद्र जिवांनी सोडविले त्याचे कारण या संख्येत आहे.

येथे एक आठवण नमूद करतो. ज्या प्रयोगशाळेत मी मुलांना शिकविले तेथे उबवणीची पेटी होती, थंडावा देणारी सोय नव्हती. आणि वैशाखात आमच्याकडे बाहेरचाच पारा चव्वेचाळीसवर गेला की सदतीस अंशांवर ठेवावयाची पेटी आपले काम सोडून देई, कारण तिला ऊब देता येत असे, काढून घेता येत नसे. एका उन्हाळ्यात आठवडाभराच्या बशा अशा वाया गेल्या आणि मुले हिरमुसली. पण त्याच दिवशी त्यांना मी जे शिकवू शकलो ते एरवी इतके पटले नसते. भक्षींचे काही उत्परिवर्ती असे असतात की पंचवीस अंशांत, म्हणजे खामगावच्या पौषातल्या दुपारी, ते सुखाने वाढतात, आणि बेचाळीस अंशांत, म्हणजे वैशाखातल्या दुपारी, मुळीच वाढत नाहीत. त्यांचे एखादे प्रथिन उष्णतेने उलगडून निकामी होते. जो दोष विशिष्ट परिस्थितीतच मारक ठरतो तो अभ्यासकाला अमोल असतो, कारण सौम्य परिस्थितीत त्या जिवाला सांभाळता येते आणि कठोर परिस्थितीत त्याची परीक्षा घेता येते. शमनाला पात्र असणारे उत्परिवर्तनही याच जातीचे आहे. फरक इतकाच की येथे परिस्थिती म्हणजे उष्णता नसून यजमान जिवाणूचा वाण होय. शमक असलेल्या वाणात भक्षी जगतो, शमक नसलेल्या वाणात मरतो.

शमनाची कल्पना जिवाणूंपासून सुरू झालेली नाही. स्टर्टव्हंट यांनी 1920 मध्येच फळमाशीत असे दाखविले होते की एका जनुकाचा दोष दुसऱ्या जनुकातील बदलाने झाकला जातो. परंतु ते कसे, याला त्या काळी उत्तर संभवत नव्हते, कारण जनुक म्हणजे काय द्रव्य हेच ठाऊक नव्हते. 1950 नंतर सीमोर बेन्झर यांनी टी-4 च्या आरदोन या जनुकप्रदेशाचा जो बारीक नकाशा काढला त्याने हे चित्र पालटले. आणि त्याच प्रदेशावर केंब्रिजमध्ये क्रिक, बार्नेट, ब्रेनर आणि वॉट्स-टोबिन यांनी केलेला प्रयोग, जो 1961 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, तो शमनाच्या युक्तीने सोडविलेल्या कोड्याचा सर्वांत सुंदर नमुना आहे असे माझे मत आहे. म्हणून त्यापाशी थोडे थांबू.

‘मदनकमलबघतबसत’ अशी ओळ घ्या, आणि तीन-तीन अक्षरांनी वाचा: मदन, कमल, बघत, बसत. आता चौथे अक्षर ‘क’ गळाले असे समजा. वाचन होते मदन, मलब, घतब, आणि पुढे सगळे बिघडलेले. चूक एका अक्षराची, पण तिच्यापुढचा सर्व मजकूर निरर्थक. आता ‘घ’नंतर एक अक्षर, ‘र’ म्हणा, आगंतुकपणे वाढले: मदन, मलब, घरत, बसत. मधले दोन शब्द बिघडलेलेच आहेत, पण ‘बसत’पासून पुढचे सारे पुन्हा ताळ्यावर आले. प्रोफ्लेविन नावाचे रंगद्रव्य डीएनएत अशीच अक्षरे वाढविते किंवा गाळते. केंब्रिजच्या मंडळींनी एका दोषी भक्षीपासून आरंभ करून त्याचे शमन करणारे उत्परिवर्तन शोधले, मग त्या शमकाचे शमक, मग त्यांचेही शमक, आणि त्यांना अधिक व उणे अशा दोन राशी दिल्या. अधिक आणि उणे एकत्र आले तर भक्षी जगे. दोन अधिक एकत्र आले तर मरे. आणि तीन अधिक एकत्र आले तर पुन्हा जगे. तीन! शब्द तीन अक्षरांचा असल्याचा हा पुरावा केवळ बशीतल्या ठिपक्यांवरून मिळविलेला होता. एकही रेणू कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. हिशेबाच्या वहीत जमाखर्चाची रुजुवात घालणाऱ्या मुनीमाला ही तर्कपद्धती परकी वाटणार नाही.

परंतु हे शमन एकाच जनुकाच्या आतले झाले. पोथीच्या दृष्टांतातले, वाचकाच्या चुकीने होणारे शमन निराळे; आणि त्याच्या शोधात ज्या नावाशी आपण येतो ते मुंबईशी जोडलेले आहे. ओबैद सिद्दीकी हे उत्तर प्रदेशातील बस्ती येथे 1932 साली जन्मले, अलीगढला शिकले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करीत असता गारपिटीने त्यांचे प्रायोगिक पीक झोडपले गेले, आणि ते ग्लासगोस गुइडो पॉन्टेकोर्व्हो यांच्याकडे बुरशीची आनुवंशिकी शिकावयास गेले. गारपीट म्हणजे काय ते आमच्या भागात रब्बीचा हंगाम पाहणारा प्रत्येक जण जाणतो. एका गारपिटीने एका माणसाला गव्हाकडून जिवाणूकडे वळविले ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. तेथून ते अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याकडे गेले, आणि 1962 साली या दोघांनी एशेरिकिया कोलायच्या अल्कलाइन फॉस्फटेज या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तनांचे शमन वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला.

या विकराची निवड मोठी समर्पक होती. फॉस्फेटची टंचाई झाली की जिवाणू हे विकर मुबलक बनवितो, आणि एका बिनरंगी द्रव्यावर त्याची क्रिया झाली असता पिवळा रंग येतो; म्हणजे विकर आहे की नाही याचा दाखला रंगावरून मिळतो आणि किती आहे हे रंगाच्या गडदपणावरून मोजता येते. गॅरेन आणि सिद्दीकी यांनी विकर न बनविणारे उत्परिवर्ती जमविले आणि त्यांतील काहींमध्ये, विकराच्या जनुकाहून वेगळ्या ठिकाणी असलेल्या एका शमकाच्या योगाने, विकर पुन्हा तयार होऊ लागल्याचे दाखविले. पूर्ववत नव्हे, कमी प्रमाणात. आणि सर्व उत्परिवर्ती बरे झाले नाहीत. विशिष्ट वर्गातलेच झाले. या दोन तपशिलांतच सारे मर्म आहे. शमक जर विकराच्या रचनेतली एखादी खोट भरून काढीत असता, तर एका विशिष्ट जागेच्या दोषालाच तो लागू पडला असता. पण तो जनुकात ठिकठिकाणी विखुरलेल्या दोषांना लागू पडत होता. अर्थात त्या सर्व दोषांत जागा समान नव्हती, स्वरूप समान होते. त्या सर्व ठिकाणी सार्थ शब्दाचा निरर्थक शब्द झालेला होता, आणि शमकाने त्या निरर्थकाला पुन्हा अर्थ दिला होता. त्याच सुमारास बेन्झर आणि चॅम्प यांनी भक्षीच्या आरदोन प्रदेशात हेच दाखविले: काही उत्परिवर्ती भक्षी एका वाणाच्या जिवाणूत जगत आणि दुसऱ्यात मरत, आणि फरक भक्षीत नव्हता, यजमानात होता. जिवाणूचे जनुक आणि भक्षीचे जनुक, दोहोंकडून एकाच निष्कर्षाचा दुजोरा आला.

त्याच 1962 साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून, ज्याची शिफारस लिओ झिलार्ड यांनी केली होती, सिद्दीकी मुंबईस आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. भौतिकी आणि गणित यांच्यासाठी बांधलेल्या वास्तूत जिवाणू वाढू लागले. जिवाणूंच्या संयोगाच्या वेळी दात्याचे डीएनए ग्राहकाच्या डीएनएत कसे सामावले जाते याचा अभ्यास त्यांनी पुढे केला, नंतर ते फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे वळले, आणि बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारून 2013 साली तेथेच निवर्तले. ते मराठी भाषक नव्हते. परंतु ज्या विषयाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आहे तो विषय या देशात कुलाब्याच्या किनाऱ्यावर रुजला, आणि आमच्या मुलांना त्याची वार्ता त्यांच्या मातृभाषेत असू नये याची खंत मी अनेक वर्षे बाळगली आहे. या पुस्तकाचे खरे कारण ती खंत आहे.

यापुढील कथा झपाट्याने उलगडली. कॅलिफोर्नियात टी-4 च्या ज्या उत्परिवर्तींचा मोठा संच जमविला गेला त्यांना ‘अंबर’ हे नाव पडले, ते शोधात मदत करणाऱ्या बर्नस्टाइन नावाच्या विद्यार्थ्यामुळे. त्या जर्मन आडनावाचा अर्थ तृणमणी. पुढे दुसऱ्या विरामाला गेरूच्या मातीवरून ‘ओकर’ आणि तिसऱ्याला ‘ओपल’ अशी नावे त्याच धाटणीने मिळाली. 1964 मध्ये केंब्रिजला ब्रेनर यांच्यासमवेत काम करणारे, अहमदाबादच्या साराभाई कुटुंबातील आनंद साराभाई आणि त्यांचे सहकारी यांनी भक्षीच्या शिरोभागाच्या प्रथिनात अंबर उत्परिवर्तनांनी काय होते ते तपासले. जनुकाच्या नकाशावर दोष जितका पुढे, तितका प्रथिनाचा तुकडा लांब. दंड जेथे पडला तेथे वाचन थांबते, आणि जनुकातील क्रम व प्रथिनातील क्रम एकच असतो, या दोन्ही गोष्टी एका मापाने सिद्ध झाल्या.

मग प्रश्न राहिला तो दंडाच्या अक्षरांचा. वायगर्ट आणि गॅरेन यांनी 1965 मध्ये तो ज्या रीतीने सोडविला ती रीत मी वर्गात शिकविताना कधीच घाईने उरकली नाही. फॉस्फटेजच्या साखळीत जेथे ट्रिप्टोफॅन हे आम्ल होते तेथे अंबर दोष उत्पन्न झालेला एक उत्परिवर्ती त्यांनी घेतला, आणि तो दोष आपोआप उलटून पुन्हा विकर बनविणारे वंशज निवडून त्या जागी आता कोणते आम्ल आले आहे हे तपासले. कोठे ट्रिप्टोफॅन परतले होते, कोठे ल्युसिन, सेरिन, टायरोसिन, ग्लुटामिन, ग्लुटामिक आम्ल किंवा लायसिन आले होते. एका अक्षराच्या बदलाने या साती आम्लांच्या शब्दांपर्यंत पोहोचता येईल असा एकच शब्द संभवतो: यूएजी. ब्रेनर, स्ट्रेटन आणि कॅप्लन यांनी त्याच वर्षी निराळ्या वाटेने अंबर आणि ओकर या दोहोंचा शब्द निश्चित केला, आणि यूजीएचा उलगडा 1967 मध्ये झाला.

वाचकाची चूक कोणती हेही तोवर हाती येत चालले होते. कॅपेकी आणि गसिन यांनी 1965 मध्ये, आरएनएचे दफ्तर बाळगणाऱ्या एका लहान भक्षीचा उपयोग करून, परीक्षानळीतच दाखविले की शमक वाणातून काढलेला सेरिनचा वाहक आरएनए मिसळला असता अंबर दोष असूनही प्रथिन पुरे होते. 1968 मध्ये गुडमन, एबेल्सन, लँडी, ब्रेनर आणि स्मिथ यांनी टायरोसिनच्या शमक वाहकाची अक्षरे वाचली: प्रतिसंकेत जीयूए होता तो सीयूए झाला होता. एक अक्षर. त्या एका अक्षराने टायरोसिनचा वाहक आपला शब्द सोडून दंड वाचू लागला. मग टायरोसिनचे नेहमीचे शब्द कोण वाचणार? तर त्या कामावर तसेच दुसरे वाहक असतात. दोन कारकुनांपैकी एकाची बदली झाली तरी मूळ काम बंद पडत नाही.

पण जो दंडाला अक्षर समजतो तो खऱ्या दंडाशीही थांबणार नाही, आणि जी प्रथिने जेथे संपावयाची तेथे न संपता त्यांना निरर्थक शेपूट फुटेल. शमकाची ही किंमत आहे, आणि जिवाणू ती कशी सोसतो यावर पुस्तकातील एक दीर्घ प्रकरण आहे. येथे इतकेच सांगतो की शमक अर्धवटच प्रभावी असतो. दंडापाशी वाहक आणि थांबविणारे प्रथिन यांची चढाओढ चालते, आणि कधी हा जिंकतो कधी तो. म्हणूनच सिद्दीकींच्या बशीत विकर आले ते कमी. शिवाय कोलाय जिवाणू आपल्या खऱ्या विरामांसाठी यूएजी फार थोड्या ठिकाणी वापरतो, म्हणून अंबरचे शमक बरेच प्रबळ असले तरी चालतात. यूएए मात्र तो सर्रास वापरतो, आणि ओकरचे शमक दुबळेच आढळतात. प्रबळ असते तर त्यांना बाळगणारा जिवाणू टिकलाच नसता. आजाराइतकेच औषधालाही मोजमाप असते हे वैद्याला ठाऊक असते. येथे ते निवडीने ठरले.

शमनाचे इतर प्रकार मी येथे ओझरतेच सांगतो. सार्थ शब्दाऐवजी दुसराच सार्थ शब्द पडल्याचे शमन. यानोफ्स्की यांनी ट्रिप्टोफॅन बनविणाऱ्या विकरात दाखविलेले, साखळीत छत्तीस घरे दूर असलेल्या दोन दोषांनी एकमेकांना सावरणे, ज्यांतला प्रत्येक दोष एकटा असता विकर निकामी करतो. आणि जार्विक व बॉटस्टाइन यांनी 1975 मध्ये पी-22 या भक्षीत दाखविलेले, एका प्रथिनातील दोषाला त्याच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या प्रथिनातील दोषाने मिळणारी साथ. या शेवटच्या प्रकाराने कोणते प्रथिन कोणाशी संलग्न आहे हे ओळखण्याचे साधनच मिळाले. गोरिनी आणि कटाया यांनी 1964 मध्ये दाखविलेले, स्ट्रेप्टोमायसिनने रायबोसोमचे वाचन सैल करून घडविलेले शमन याहून वेगळे. त्यात जनुकीय बदल नाही, औषध असेपर्यंतच परिणाम. मानवाच्या काही वंशागत व्याधींत अवेळी पडलेला दंड औषधाने ओलांडता येईल का, या आजच्या संशोधनाचे मूळ तेथे आहे.

आणि हरगोविंद खोराना. पंजाबातील रायपूर या खेड्यात, आता पाकिस्तानात असलेल्या, त्यांचा जन्म झाला. 1968 चा नोबेल पुरस्कार त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत आनुवंशिक संकेताच्या उलगड्यासाठी मिळाला. त्यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले ते मला पुरस्काराहून थोर वाटते. जनुक रसायनशाळेत, अक्षरापुढे अक्षर जोडून, संपूर्ण बांधावयाचे आणि ते जिवंत पेशीत चालते का पाहावयाचे. त्यासाठी जनुक निवडले ते टायरोसिनच्या शमक वाहकाचे. का, हे या प्रस्तावनेच्या वाचकाला आता स्वतःच सांगता येईल: कृत्रिम जनुक चालले की नाही हे कळण्यासाठी त्याहून खात्रीची कसोटी नव्हती. अक्षरांच्या 207 जोड्यांचे ते जनुक, आपल्या आरंभसूचक भागासह, तयार झाले. 1976 मध्ये त्याची वार्ता जाहीर झाली. ज्या वाणात शमक नाही त्या जिवाणूत ते घातले, आणि अंबर दोषाचे भक्षी, जे त्या वाणात कधी वाढले नसते, ते वाढू लागले. दुधाळ थरावर स्वच्छ ठिपके उमटले.

पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचा आरंभ त्या बशीपासून केला आहे, कालक्रम सोडून. ज्यांना सूत्रे आणि आकृत्या जड वाटतील त्यांनी दुसरे आणि पाचवे प्रकरण प्रथम वाचावे व मग मागे यावे. परिभाषेच्या शब्दांची यादी शेवटी आहे, आणि त्यांपैकी जे शब्द मी नव्याने बसविले आहेत त्यांविषयी वाचकांची हरकत असेल तर ती मला अवश्य कळवावी.

खामगाव
अक्षय्य तृतीया